‘सत्ता देवाने दिली’ हे वाक्य कोण कोणाला म्हणतो?

पाटाचे पाणी (धागाकर्ता)

ख्रिस्ती श्रद्धेतील एका विधानाने मला बरेच दिवस गुंतवून ठेवले आहे. पृथ्वीवरच्या प्रत्येक राज्यावर अखेरचा अधिकार देवाचा आहे, तोच राजांना गादीवर बसवतो आणि तोच त्यांना खाली उतरवतो, असे ते विधान. आमच्या अभ्यासवर्गात रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय (अधिकारी देवाने नेमलेले आहेत, म्हणून त्यांच्या अधीन असावे असे सांगणारा) निघाला की काही जण समाधानाने माना डोलावतात आणि काही जण उगाचच पाने चाळू लागतात. मी स्वतः अनेक वर्षे पाने चाळणाऱ्यांत होतो. जो कोणी गादीवर बसला आहे त्याला देवानेच बसवले असेल, तर त्याच्याविरुद्ध बोलायचे कोणत्या तोंडाने, हा प्रश्न मला सुटत नव्हता.

अलीकडे हे सगळे उतारे एकापाठोपाठ एक वाचून काढले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि तीच येथे चर्चेला ठेवतो. पवित्र शास्त्रात हे विधान बहुतेक वेळा सत्तेबाहेरच्या माणसाच्या तोंडी आहे, आणि ते सत्तेवरच्या माणसाला ऐकवलेले आहे.

दानीएलाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय घ्या. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकून मंदिर जाळले, आणि त्याच्या दरबारात उभा असलेला दानीएल हा त्याच पराभूत लोकांपैकी धरून आणलेला बंदिवान आहे. राजाला स्वप्न पडते. आकाशाला भिडलेला एक वृक्ष, त्याच्या सावलीत रानपशू, फांद्यांवर पाखरे, आणि मग वरून आज्ञा होते की वृक्ष तोडा, पण बुंधा जमिनीत राहू द्या. अर्थ उमगताच दानीएल काही वेळ स्तब्ध होतो, कारण जे सांगायचे ते राजाच्या तोंडावर सांगायचे आहे. अखेर तो सांगतो की महाराज, तो वृक्ष म्हणजे आपण. आपल्याला माणसांतून घालवून देतील, आपण बैलासारखे गवत खाल, आणि मानवी राज्यावर परात्पराची सत्ता आहे व तो ते वाटेल त्याला देतो हे आपल्याला उमजेपर्यंत सात काळ लोटतील. पुढे तसेच घडते. राजाचे अंग दवाने भिजत राहते, केस गरुडाच्या पिसांसारखे आणि नखे पक्ष्यांच्या नखांसारखी होतात. याच अध्यायाच्या सतराव्या वचनात असेही म्हटले आहे की परात्पर हे राज्य माणसांतल्या अगदी कनिष्ठालाही देतो. तेव्हा राज्य मिळाले म्हणजे थोरवी सिद्ध झाली, असे या पुस्तकाला मुळीच म्हणायचे नाही.

(अवांतर : दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून सातव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंतचा मजकूर हिब्रूत नसून अरामी भाषेत आहे. अरामी ही साम्राज्यांच्या कारभाराची भाषा होती. राजांची झाडाझडती त्यांच्याच दप्तराच्या भाषेत घेतली गेली, हा योगायोग नसावा असे मला वाटते.)

दुसरे उदाहरण योहानकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातले. फटके खाल्लेला, काट्यांचा मुगुट घातलेला येशू रोमन सुभेदार पिलात याच्यासमोर उभा आहे. तुला सोडण्याचा आणि वधस्तंभावर देण्याचा अधिकार मला आहे हे तुला ठाऊक नाही काय, असे पिलात विचारतो. त्यावर उत्तर मिळते की तो वरून दिलेला नसता तर माझ्यावर तुझा काहीच अधिकार चालला नसता. बांधलेला कैदी न्यायासनावरच्या सुभेदाराला सांगतो आहे की तुझी सत्ता उसनी आहे. त्या चौकात हे वाक्य पिलाताने उच्चारले असते तर त्याचा अर्थ अगदी उलटा झाला असता.

प्रश्नचिन्ह

लेख विचारपूर्वक लिहिला आहे, तरीही मूळ अडचण आपण हळूच बाजूला ठेवली आहे असे मला वाटते. कोण बोलतो हे महत्त्वाचे खरेच, पण विधान खरे असेल तर ते कोणाच्याही तोंडी खरेच राहणार. आपण टोपणनाव घेतले आहे ते नीतिसूत्रांच्या एकविसाव्या अध्यायातून, असे दिसते. राजाचे मन देवाच्या हाती पाटाच्या पाण्यासारखे आहे, तो वाटेल तिकडे ते वळवतो, असे तेथे म्हटले आहे. पाट कोठे वळवायचा हे शेतकरी ठरवतो, पाण्याला कोणी विचारत नाही. मग पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरले तर दोष पाण्याचा कसा? निर्गम पुस्तकात देव मिसरचा राजा फारो याचे मन कठीण करतो आणि नंतर त्याच कठीण मनाबद्दल त्याला शिक्षा करतो. मी श्रद्धावान नाही. परंतु श्रद्धावान माणूस याचे उत्तर स्वतःला काय देतो, ते जाणून घ्यायला आवडेल.

हस्तलिखित

धागाकर्त्यांच्या निरीक्षणाला दोन अपवाद सुचवतो, आणि दोन्ही गैरसोयीचे आहेत.

पहिला इस्राएलचा राजा शलमोन याचा. पहिल्या राजे या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तो शपथ घेऊन म्हणतो की ज्या परमेश्वराने मला स्थिर करून माझा बाप दावीद याच्या गादीवर बसवले, त्याच्या जीविताची शपथ, अदोनीया आजच मारला जाईल. अदोनीया हा त्याचा सावत्र भाऊ आणि गादीचा दुसरा हक्कदार होता. शलमोनाचा माणूस बनाया जातो आणि त्याला ठार करतो. देवाने गादीवर बसवल्याचा उल्लेख आणि प्रतिस्पर्ध्याच्या वधाचा हुकूम एकाच श्वासात आले आहेत.

दुसरा अश्शूरी सरदार रब्शाके याचा. यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून तो ओरडतो की परमेश्वराच्या आज्ञेवाचून मी या ठिकाणावर चालून आलो काय? त्यानेच मला सांगितले की या देशावर चढाई कर. तटावर बसलेल्या लोकांचे धैर्य खचावे म्हणून तो हे मुद्दाम त्यांच्या भाषेत बोलतो. आपण ज्याला दुबळ्यांचे वाक्य म्हणता, ते वेढा घालणाऱ्या सैन्याच्या हाती केव्हाच गेले होते.

विलक्षण भाग असा की रब्शाके संपूर्ण खोटे बोलत नव्हता. यशयाच्या दहाव्या अध्यायात देव स्वतः अश्शूराला आपल्या क्रोधाची काठी म्हणतो आणि मीच त्याला पाठवतो असे सांगतो. पण लगेच पुढे म्हटले आहे की अश्शूराच्या मनात तसे नाही; त्याच्या मनात नासधूस करावी, पुष्कळ राष्ट्रे कापून काढावीत, एवढेच आहे. आणि मग विचारले आहे की कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारावी काय? प्रश्नचिन्ह यांच्या शंकेला संदेष्ट्यांनी दिलेले उत्तर मला येथे दिसते. कृत्य एकच असते, पण त्यामागचे हेतू दोन असतात आणि शिक्षा हेतूप्रमाणे होते. ज्या भावांनी आपल्याला विकले होते त्यांना योसेफाने हेच सांगितले होते, की तुम्ही माझे वाईट योजले, देवाने त्यातून चांगले योजले.

कोरेशाचे प्रकरण तर याहून नाजूक आहे. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात प्राचीन इराणच्या या राजाला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. मूळ शब्द तोच, ज्यावरून ‘मसीहा’ आला. आणि त्याच दमात दोनदा बजावले आहे की तू मला ओळखत नव्हतास. इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल घेतले आणि बंदिवानांना परत जाण्याची वाट मोकळी झाली. पण १८७९ मध्ये बाबेलच्या उत्खननात मातीचा जो लेखांकित दंडगोल सापडला, त्यात या विजयाचे श्रेय बाबेलच्या मर्दुक देवाला आहे. मर्दुकाने सर्व देशांत न्यायी राजा शोधला, कोरेशाचा हात धरला, त्याला नावाने हाक मारली, असे त्यात म्हटले आहे. यशयातही देव त्याचा उजवा हात धरतो आणि त्याला नावाने हाक मारतो. एका राजाच्या एकाच विजयावर दोन देवांच्या नावाने दावा सांगितलेला आहे. विजेत्याच्या लेखात तो राजाला वैधता देतो. बंदिवानांच्या ग्रंथात तोच दावा राजाला जाणीव करून देतो की हे तुझ्यासाठी नव्हे, माझा सेवक याकोब (म्हणजे इस्राएल लोक) याच्यासाठी चालले आहे.

पाटाचे पाणी (धागाकर्ता)

हस्तलिखित यांचे दोन्ही अपवाद मान्य आहेत, आणि शलमोनाचा उतारा माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी तो नजरेआड केला, हेही मान्य करतो. माझे विधान आता असे दुरुस्त करतो की हे वाक्य सत्तेच्या तोंडी येते तेव्हा शास्त्र बहुधा त्याच्या शेजारी दुसरी एखादी गोष्ट मांडून ठेवते. रब्शाकेचे सैन्य पुढे एका रात्रीत मारले गेले, हे आपण वाचतोच. शलमोनाच्या शपथेवर तेथे टीका नाही, पण भावाच्या रक्ताने सुरू झालेले ते राज्य पुढे त्याच्या मुलाच्या हातात दुभंगले.

प्रश्नचिन्ह, फारोविषयी एवढेच म्हणतो की निर्गमाच्या कथेत मन कठीण झाल्याचा उल्लेख कधी देवाकडे आहे, कधी खुद्द फारोकडे. देवाने मिसरवर आणलेल्या पहिल्या काही पीडांनंतर फारो आपले मन आपणच कठीण करतो. देवाने ते कठीण केल्याचे सहाव्या पीडेनंतर प्रथम सांगितले जाते. मात्र तसे होईल हे देवाने मोशेला आधीच कळवले होते, त्यामुळे या क्रमावर मी फार भार टाकणार नाही. ज्यांनी तो टाकला त्यांचे युक्तिवाद मला कधी पटले नाहीत. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाने त्याच्या नवव्या अध्यायात हाच फारो घेतला आहे आणि तुमचाच प्रश्न जवळजवळ तुमच्याच शब्दांत लिहून ठेवला आहे : मग तो दोष का लावतो? त्याचे उत्तर कुंभार आणि मातीचे आहे, म्हणजे घडवणाऱ्याला माती जाब विचारू शकत नाही, आणि ते तुम्हाला समाधान देणार नाही. मलाही पूर्णपणे देत नाही.

परंतु ‘देवाने दिले’ आणि ‘देवाला आवडले’ या दोन गोष्टी शास्त्रात एक नाहीत, एवढे ठामपणे सांगता येते. पहिल्या शमुवेलाच्या आठव्या अध्यायात लोक राजा मागतात. देव संदेष्टा शमुवेल याला सांगतो की त्यांनी तुला नव्हे, मला राजा म्हणून नाकारले आहे. तरीही त्यांचे ऐक, पण राजा कसा वागेल ते त्यांना बजावून सांग. मग शमुवेल यादी वाचतो. तुमचे मुलगे घेऊन रथांपुढे धावायला लावील, मुली स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला घेईल, उत्तम शेते आणि जैतुनाचे मळे काढून आपल्या चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, आणि शेवटी तुम्हीच त्याचे दास व्हाल. या परिच्छेदात ‘घेईल’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा आदळत राहते. होशेयाच्या तेराव्या अध्यायात तर देव म्हणतो की मी रागाने तुला राजा दिला आणि संतापाने तो काढून घेतला. त्याच संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात तक्रार आहे की त्यांनी राजे केले, पण माझ्याकडून नव्हे. एकाच पुस्तकात ‘मी दिला’ आणि ‘माझ्याकडून नव्हे’ ही दोन्ही वाक्ये शेजारी नांदतात. ही विसंगती आहे असे मी समजत नाही. परवानगी आणि पसंती यांतले अंतर मोजण्याचा तो जुना प्रयत्न आहे.

शब्दवेध

आतापर्यंतची चर्चा बहुतेक जुन्या करारातच फिरते आहे, आणि ज्या तेराव्या अध्यायाने पाने चाळायला लावली तो तसाच राहिला आहे. त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

पौलाने हे पत्र इ.स. ५७ च्या आसपास लिहिले असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा रोममध्ये नीरो गादीवर होता, आणि ख्रिस्ती लोकांवरील त्याचा छळ सुरू व्हायला अजून काही वर्षे होती. पत्र ज्यांना लिहिले त्यांच्या हाती कसलीही सत्ता नव्हती. सातव्या वचनात ज्याला कर द्यायचा त्याला कर आणि ज्याला जकात द्यायची त्याला जकात द्या असे स्वतंत्रपणे म्हटले आहे, ते उगाच नव्हे. जकातदारांच्या जुलमाविरुद्ध त्याच सुमारास रोममध्ये ओरड होती आणि इ.स. ५८ मध्ये नीरोने हे अप्रत्यक्ष कर साफ काढून टाकण्याचा विचार केला होता, असे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नोंदवले आहे.

आता शब्दांकडे वळू. आपण ‘नेमलेले’ असे वाचतो तेथे मूळ ग्रीक शब्द ‘तेतागमेनाय’ आहे, आणि ‘अधीन असावे’ यासाठी ‘हुपोतास्सेस्थो’. दोन्ही शब्द ‘तास्सो’ या एकाच धातूचे आहेत, ज्याचा अर्थ रांगेत लावणे, जागच्या जागी ठेवणे. पौल अधिकाऱ्यांना देवाच्या खाली रांगेत लावतो आणि मग वाचकांना त्या रांगेत आपली जागा घ्यायला सांगतो. मुलांनी आईबापांची आज्ञा पाळावी असे सांगताना नव्या करारात ‘हुपाकुओ’ हे क्रियापद येते. ते येथे वापरलेले नाही. अर्थात या एका फरकावर मोठी इमारत उभारणारे अभ्यासकही मला अतिउत्साही वाटतात, कारण अधीनतेत सर्वसाधारणपणे आज्ञापालन येतेच. पण सहाव्या वचनापर्यंत अधिकाऱ्याला तीनदा देवाचा सेवक म्हटले आहे, दोनदा ‘दियाकोनोस’ आणि एकदा ‘लेइतुर्गोई’ या अनेकवचनाने. ज्या काळात सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळला जात होता, त्या काळात त्याला दुसऱ्या कोणाचा तरी सेवक म्हणणे ही स्तुती नव्हे. त्याची जागा दाखवून देणे आहे.

शिवाय अध्यायांचे आकडे पौलाचे नाहीत. ते बाराशे वर्षांनंतर तेराव्या शतकात पडले. बाराव्या अध्यायाच्या अखेरीस पौल म्हणतो की स्वतः सूड घेऊ नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या, आणि पुढच्याच परिच्छेदात अधिकारी हा क्रोध अमलात आणणारा सेवक म्हणून येतो. मध्ये आकडा घुसल्यामुळे आपण हा राज्यशास्त्रावरचा स्वतंत्र निबंध समजून बसलो.

जुने दप्तर

सर्वांचे प्रतिसाद आवडले, परंतु शास्त्राच्या पानांत हे वाक्य कोणत्या दिशेने जात होते हे ठरवून इतिहास संपत नाही. ते राजवाड्यांत गेले आणि तेथे शतकानुशतके राहिले. थोडे त्याविषयी.

सुरुवातीला ते बाहेरच होते. स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन अधिकाऱ्यापुढे उभे केले, तेव्हा तो म्हणतो की देवाने नेमलेल्या अधिकाऱ्यांना, आमच्या श्रद्धेला बाधा येणार नाही असा, योग्य मान द्यावा अशी आम्हाला शिकवण आहे. सम्राटाची शपथ घ्यायला मात्र तो नकार देतो आणि त्याला जाळले जाते. मान आणि नकार एकाच माणसाच्या तोंडी आहेत, आणि त्यात त्याला काही विरोध दिसत नाही.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन हा ख्रिस्ती झालेला रोमन सम्राट आला आणि कैसरियाचा बिशप युसेबियस याने त्याच्या राज्याला स्वर्गीय राज्याची प्रतिमा ठरवले. येथे वाक्याने तोंड फिरवले. त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच, ४१० मध्ये गॉथांनी रोम लुटले आणि ती प्रतिमा तडकली. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ लिहायला घेतला तो याच धक्क्यानंतर. पाचव्या भागात तो लिहितो की ज्याने ऑगस्टसला राज्य दिले त्यानेच नीरोलाही दिले. ज्याने ख्रिस्ती कॉन्स्टंटाइनला दिले त्यानेच श्रद्धा सोडलेल्या ज्युलियनलाही दिले. कारणे गुप्त असतील, पण अन्यायी नसतील, असे तो म्हणतो. या वाक्याने युसेबियसच्या प्रतिमेतली हवाच निघून गेली, कारण राज्य मिळणे ही आता कशाचीच खूण उरली नाही. आणि त्याच ग्रंथाच्या चौथ्या भागात तो विचारतो की न्याय काढून टाकला तर राज्ये म्हणजे मोठ्या दरोडेखोरीवाचून दुसरे काय?

३९० मध्ये थेस्सलनीकात झालेल्या कत्तलीबद्दल मिलानचा बिशप अँब्रोझ याने सम्राट थिओडोसियसला पश्चात्ताप करायला लावला, आणि १०७७ च्या जानेवारीत पोपने बहिष्कृत केलेला जर्मन राजा चौथा हेन्री इटलीतल्या कनोसाच्या किल्ल्याबाहेर अनवाणी थांबला, हे प्रसंग आपण पुष्कळदा ऐकतो. दुसऱ्या प्रसंगाविषयी माझे मत थोडे कडवट आहे. तेथे राजाला जमिनीवर आणणारा पोप स्वतः राजे उतरवण्याचा हक्क सांगत होता, म्हणजे वाक्य एका गादीवरून दुसऱ्या गादीवर गेले, इतकेच.

खरा कस लागला तो सतराव्या शतकात. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६१० मध्ये पार्लमेंटपुढे सांगितले की राजांना देवाने स्वतः ‘देव’ म्हटले आहे. आधार ब्याऐंशीव्या स्तोत्राचा, ‘तुम्ही देव आहात’ या वचनाचा. त्याच स्तोत्राचे पुढचे वचन आहे की तरीही तुम्ही मनुष्यांप्रमाणे मराल, आणि आधीच्या वचनांत दुबळ्यांचा न्याय न केल्याबद्दल त्यांनाच खडसावले आहे. त्याने १५९८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात तर पाटाचे पाणी यांनी वर दिलेली शमुवेलाची यादीच घेतली आहे. अर्थ त्याने असा काढला की राजा कसा वागेल हे प्रजेला आधीच सांगितले होते, तेव्हा तिने आता ते निमूट सोसावे. स्कॉटिश धर्मशास्त्री सॅम्युएल रदरफोर्ड याने १६४४ मध्ये तोच उतारा उलट वाचला, की जुलमाचे वर्णन म्हणजे जुलमाचा परवाना नव्हे. पाच वर्षांनी, ३० जानेवारी १६४९ रोजी, जेम्सचा मुलगा, राजा पहिला चार्ल्स, याचे डोके उडवले गेले.

दोघेही देवाचे सार्वभौमत्व पूर्णपणे मानत होते. जेम्सला त्यातून निघाले की राजा फक्त देवाला उत्तर देणार, अर्थात दुसऱ्या कोणालाही नाही. रदरफोर्डला निघाले की देव लोकांच्या हातून राजा नेमतो, म्हणून लोकांच्या हातून उतरवूही शकतो.

सायंप्रार्थना

मी अभ्यासक नाही, नेमाने उपासनेला जाणारी व्यक्ती आहे. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करताना मला दर वेळी जे अडखळायला होते त्याविषयी लिहिते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे. ज्या राज्यकर्त्याचे निर्णय मला अन्यायाचे वाटतात त्याचे नाव प्रार्थनेत घेताना जीभ जड होते. पण जुने दप्तर यांचा प्रतिसाद वाचल्यावर एक लक्षात आले, की प्रार्थना सम्राटाला केलेली नसते, ती सम्राटासाठी केलेली असते. ज्याच्यासाठी दुसऱ्याकडे काही मागावे लागते तो देव नव्हे, हे त्यात आपोआपच म्हटले जाते. टर्टुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकानेही इ.स. १९७ च्या सुमारास असेच लिहिले आहे, की आम्ही सम्राटासाठी खऱ्या देवाकडे दीर्घायुष्य मागतो, पण त्याला देव म्हणणार नाही.

जुने दप्तर

सायंप्रार्थना, आपल्या मुद्द्याला विसाव्या शतकातले दोन दाखले जोडतो.

जर्मनीत १९३४ च्या मे महिन्याच्या अखेरीस बार्मेन येथे प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पाचव्या कलमात शासन देवाच्या नेमणुकीने आहे हे नाकारलेले नाही, उलट स्पष्टपणे मान्य केले आहे. पण नेमणूक कशासाठी, तर न्याय आणि शांती राखण्यासाठी. म्हणून शासनाने मानवी जीवनाची एकमेव आणि सर्वंकष व्यवस्था व्हावे हा दावा त्यात फेटाळला आहे. नाझी राजवटीविरुद्धचा युक्तिवाद तेराव्या अध्यायातल्या ‘देवाने नेमले’ या कल्पनेला बगल न देता, तिच्याच पोटातून काढला आहे. त्या जाहीरनाम्यात ज्यू लोकांविषयी एक शब्द नाही, हेही सांगितलेच पाहिजे. त्याचा मुख्य लेखक कार्ल बार्थ याने पुढे याबद्दल स्वतःला दोषी मानले.

दक्षिण आफ्रिकेत १९८३ च्या वर्णभेदी राज्यघटनेची प्रस्तावना राष्ट्रांचे भवितव्य नियंत्रित करणाऱ्या सर्वसमर्थ देवाला नम्रपणे शरण जाऊन सुरू होते. ज्या घटनेने कृष्णवर्णीय बहुसंख्याकांना संसदेबाहेर ठेवले, तिचे हे पहिले शब्द. दोन वर्षांनी तेथील धर्मशास्त्रींनी ‘कैरोस’ नावाचे निवेदन काढले आणि या विचाराला ‘राज्याचे धर्मशास्त्र’ असे नाव देऊन त्यावर हल्ला चढवला, तो रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या गैरवापरापासून.

प्रश्नचिन्ह

आता मला हे विधान पूर्वीइतके सत्तेचे हस्तक वाटत नाही, एवढे कबूल करतो. माझा मूळ प्रश्न मात्र थोडा सरकून तेथेच आहे. आपल्या सगळ्यांच्या उदाहरणांत राजा शेवटी पडतो. अश्शूर पडले, बाबेल पडले, रोम पडले. पण शेवट येईपर्यंत जे भरडले गेले त्यांचे काय? आपल्या लाडक्या चौथ्या अध्यायातच मला एक जागा सापडली. स्वप्नाचा अर्थ सांगून दानीएल राजाला सल्ला देतो की न्यायाने वागून आपली पापे सोडा, गोरगरिबांवर दया करा. पुढचेच वर्णन असे की बारा महिन्यांनी राजा राजवाड्याच्या गच्चीवर फिरत होता आणि हे थोर बाबेल मी आपल्या सामर्थ्याने बांधले ना, असे म्हणत होता. त्या वाक्याला शिक्षा झाली. पण मधले बारा महिने? देवाने राजाला सुधारण्यासाठी वर्षभर दिले. ते वर्ष ज्या गोरगरिबांच्या वाट्याला आले त्यांना कोणी विचारले काय?

पाटाचे पाणी (धागाकर्ता)

मी हा अध्याय अनेकदा वाचला आहे आणि त्या बारा महिन्यांवर माझी नजर कधी थांबली नाही. आपली थांबली, कारण आपण गच्चीवरून न पाहता खालून पाहिले.

मजकूर त्या वर्षाविषयी काहीही सांगत नाही. मी काही सांगू लागलो तर ते माझ्या पदरचे होईल. इतकेच दाखवू शकतो की हा प्रश्न श्रद्धेच्या बाहेरचा नाही. दुष्ट आपल्याहून नीतिमान माणसाला गिळून टाकतो तेव्हा तू गप्प का राहतोस, असे संदेष्टा हबक्कूक देवालाच विचारतो. आणि प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखाली ज्यांचे आत्मे आहेत, ते देवाच्या वचनासाठी मारले गेलेले लोक आहेत. त्यांना आता कोणत्याही राजाचे भय नाही. तरी ते मोठ्याने ओरडून विचारतात की हे प्रभो, तू कोठवर न्याय करणार नाहीस? त्यांच्या प्रश्नाला स्पष्टीकरण मिळत नाही. प्रत्येकाला एक पांढरा झगा देतात आणि आणखी थोडा वेळ थांबा असे सांगतात.